माझ्या नावापुढे नोंद नाही

बाबा, आज सकाळी मी हॅम्बर्गच्या कोर्टात जाऊन माझ्या गुन्ह्यांची नोंद वाचून आले. ती घरी आणू देत नाहीत, तिथेच बसून वाचायची. टेबलामागच्या बाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला. माझं नाव, जन्मतारीख, खाली कोरं. "गेनाऊ, अगदी बरोबर, काही नाही," त्या म्हणाल्या आणि कागद फाडून टाकायला परत घेतला. दहा वर्षं संपली की नोंद आपोआप पुसली जाते. तुम्ही चार वर्षं आधीच गेलात, नाहीतर हे श्रेयही तुम्ही घेतलं असतंत.

तुम्ही शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचात. कर्तव्यांची यादी मुलांकडून घोकून घ्यायचात. आणि नाशिकच्या आपल्या स्वयंपाकघरात, माझ्या एका वर्षाच्या नोकरीची तीन वर्षं करणारं अनुभवपत्र तुम्ही ओट्यावर ठेवलंत. "शिक्का आहे ना? मग खरंच आहे. तिकडून कोण विचारायला येतंय?"

आले की विचारायला. इथे नोकरी लागून दोन वर्षं होत होती. खोटी कागदपत्रं दिल्याचा खटला झाला, नोकरी गेली. वकील म्हणाले, "ज्यांनी हे बनवून आणलं त्यांनी तसं लिहून दिलं, तर शिक्षा थोडी हलकी होईल." मी फोन केला. तुम्ही जराही न अडखळता म्हणालात, "मी निवृत्त शिक्षक आहे. माझं नाव त्यात ओढू नकोस." पुढच्याच महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत तुम्ही सांगत होतात, "पोरगी तिकडे जाऊन बिघडली. आम्ही असले संस्कार केले नव्हते." मावशीने मला ते शब्द जसेच्या तसे सांगितले. मला राग नाही आला, किळस आली. इतका भित्रा माणूस इतकी वर्षं फळ्यापुढे उभा होता.

ती नोंद असेपर्यंत इथलं नागरिकत्व मिळणार नव्हतं. नवऱ्याला मिळालं, लेकीला मिळालं. विमानतळावर ते दोघं एका रांगेत, मी दुसऱ्या. लेक लांबून ओरडून विचारायची, "मामा, वारुम श्टेस्ट दू दा?" आई, तू तिथे का उभी आहेस? मी म्हणायचे, "कागद यायचेत गं." तुमचीच मुलगी, खोटं सहज बोलता येतं.

तुमच्या शोकसभेत लोक तुम्हाला तत्त्वनिष्ठ म्हणाले. मी पहिल्या रांगेत बसून रुमालाआड हसले. काकूंना वाटलं, रडतेय. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मी तो फिरवू दिला.

उद्या अर्ज भरणार आहे. त्याआधी हे तुम्हाला लिहायला बसले, कारण कोर्टातल्या त्या कागदावर आता काहीच उरलेलं नाही आणि कुठेतरी ते असायला हवं. वकिलांना सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. तुम्ही आणलेल्या पहिल्या पत्रात मी रुजू झाल्याची तारीख रविवारची पडली होती. ती चूक मी पकडली. तुम्ही चपला घालून ते बदलून आणायला गेलात, आणि मी तुमच्यासाठी चहा ठेवला.