हाक मारण्याआधी

१० एप्रिल, सकाळ
जयंतीचं मुख्य भाषण माझं! करी रोडच्या आमच्या चाळीत शामरावकाकांनी जाहीरच करून टाकलंय. चौदाला संध्याकाळी सात. ऑफिसचं किरकोळ काम आज उरकतो, मग फक्त भाषण. व्हर्च्युअल नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा कोड, क्रॅश होतोय. कार्ड काढून घेतलं तरी कोड त्याला हाक मारतो. तिथं कुणीच नसतं. अख्खा सर्व्हर आडवा.

दुपार
शेजारच्या डेस्कवरची नम्रता म्हणाली, हाक मारण्याआधी कार्ड आहे का बघ, नसेल तर पुढे जा, दोन ओळींचं काम. मी म्हणालो, ही मलमपट्टी झाली. व्यवस्थाच बदलली पाहिजे! बराच वेळ बोललो. तिने मन लावून ऐकलं. हेडफोन होते, पण ऐकलं.

११ एप्रिल
व्यवस्था बदलली. आता कार्ड न काढताही क्रॅश होतो. रोग उघडा पडला, हीच प्रगती. मॅनेजर माधव म्हणाला, हे सुटेपर्यंत रजा नाही, जयंतीचीसुद्धा. हरकत नाही. मोठ्या माणसांनी तुरुंगात ग्रंथ लिहिलेत.

१२ एप्रिल
परळच्या या टॉवरची खिडकी उघडत नाही. काचेतून चाळीच्या गच्चीवरचा निळा झेंडा दिसतो. काकांचा फोन. म्हणाले, येतोयस ना रे? गेल्या वर्षी पाहुण्याचं नाव पुकारलं, पाहुण्याचा पत्ता नाही, नावं पुकारणारा गणपत माईकवर तोंड वासून उभा, अर्धी माणसं घरी. मी म्हणालो, काका, माझ्यावर शंका?

१३ एप्रिल
क्रॅश. माधवला परिवर्तनाचे टप्पे समजावले. म्हणाला, भाषण तिकडे ठोक.

१४ एप्रिल, दुपार
सुट्टीच्या दिवशी मजल्यावर आम्ही तिघंच. नम्रताला मोठ्या मनाने परवानगी दिली: टाक तुझ्या दोन ओळी, तात्पुरत्या. क्रॅश थांबला. आता सगळ्या टेस्ट पार पडेपर्यंत उठायचं नाही, असं माधवचं म्हणणं. पांढरा शर्ट बॅगेत. पोचतोच.

सात वाजले
टेस्ट चालू. झेंड्याखाली दिवे लागलेत. लोक थांबतील. माझ्याशिवाय सुरू काय करणार?

१५ एप्रिल
पोचलो तेव्हा खुर्च्या रचून ठेवत होते. काकांना विचारलं, माझं नाव पुकारलंत तेव्हा काय झालं? काका म्हणाले, पुकारलंच नाही रे बाळा. यंदा आधी बघितलं, आहेस का. नव्हतास. पुढे गेलो. पोरींचा नाच झाला, खीर वाटली, वेळेत आटपलं.
कुणी उठून गेलं का, विचारलं. म्हणाले, एकही नाही.
सर्व्हरही रात्रभर पडला नाही.