काचेच्या फ्यूजवर गुंडाळलेली तार

तात्या, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तुमच्या दहाव्याला मी इंदापूरला आले होते, पण मागं उभी राहून तशीच परतले. आज रविवार. लोणी देवकरच्या आपल्या त्याच कारखान्यात मेंटेनन्सच्या खोलीत एकटी बसलेय. आता ही खोली माझ्याकडे आहे. दमलेय खूप, आणि ते कामानं नाही.

आयटीआय करून मी तुमच्या हाताखाली आले तेव्हा चोवीस व्होल्ट डीसी म्हणजे मला खेळणं वाटायचं. तुम्ही पॅनलचं दार उघडून दाखवलंत. सप्लाय एक, पण त्यातून निघणाऱ्या प्रत्येक फाट्याला त्याच्या तारेच्या जाडीप्रमाणं वेगळा छोटा फ्यूज. "ह्याला कुणी भीत न्हाय पोरी, म्हणून ह्यो जास्त घातकी. झटका देत न्हाय, गुमान जाळतो. बारक्या तारेला वीस अँपिअर दिलं तर सप्लायला काय कळतंय? त्यो आपला देत ऱ्हातो." मी मान हलवली. पण मी बावड्याची. आमच्याकडे विहिरीवरच्या मोटरचा फ्यूज उडाला की वडील तांब्याची तार पिळून घालायचे, कारण लाईट असते तेवढ्यात ऊस भिजला पाहिजे. तीच सवय माझ्या हातात होती.

मग तो दिवस. पाकिटं भरायच्या मशीनचा सेन्सर बंद पडतो, मी फ्यूज बदलते, तो पुन्हा उडतो. तिसऱ्यांदा उडाल्यावर सुपरवायझर डोक्यावर येऊन उभा राहतो. मी उडालेल्या काचेच्या फ्यूजवर तांब्याची तार गुंडाळते आणि मशीन चालू करून देते. तुम्ही त्या दिवशी बारामतीला गेला होतात. मशीनच्या दारात कुठंतरी तार दबून सोलली होती, ती हुडकायला हवी होती. अर्ध्या तासात ती तापली आणि वायरी नेणाऱ्या पट्टीतल्या शेजारच्या सगळ्या तारा घेऊन जळाली. दोन दिवस लाईन बंद.

तुम्ही आलात, होल्डर उघडलात, तो फ्यूज काढून खिशात घातलात. माझ्याकडे बघून एवढंच म्हणालात, "ही विहिरीवरची मोटर न्हाय." आणि साहेबांपुढं जाऊन सांगितलंत, "चुकीचा फ्यूज घालायला मीच सांगून गेलो हुतो." साहेब तुम्हाला निवृत्तीनंतर दोन वर्षं वाढवून देतो म्हणाले होते, ते त्यांनी दिलं नाही. तुम्ही इंदापुरात स्टँडजवळ जळालेल्या मोटरींचं वायंडिंग भरत बसलात. मी दोनदा तिथून गेले आणि थांबले नाही. तुम्ही माझ्यावर रागावला असतात तर बरं झालं असतं, असं वाटायचं.

शुक्रवारी अगदी तसंच झालं. माझ्या हाताखालचा वायरमन, पन्नाशीचा, कंत्राटावरचा, खालमानेनं काम करणारा. काचेच्या फ्यूजवर तार, जळालेल्या वायरी, बंद लाईन. मी त्याला बोलावून घेतलं. तो म्हणाला, "चूक झाली मॅडम. मशीन थांबली की समदी अंगावर येत्यात." मग त्यानं साधंच विचारलं, "तुमच्या हातनं असं कदीच झालं न्हाय का?"

मी म्हणाले, "नाही."

त्याच संध्याकाळी रिपोर्टमध्ये त्याचं नाव लिहून सही केली. उद्यापासून त्याला गेटवर घेणार नाहीत. सांगितलं तेव्हा तो "बरं" म्हणाला, पक्कड आणि टेस्टर माझ्या टेबलावर ठेवले आणि गेला.

हे पत्र कुठं पाठवणार? फाडून टाकीन. पण तुम्हाला सांगते, खरं बोलले असते तर माझी नोकरी गेली नसती. इतक्या वर्षांनी मला कोण काढणार होतं? त्याला मात्र वाचवता आलं असतं. मला नुसती लाज वाटली, तात्या.