शिफारस क्रमांक सात

प्रिय क्रिस्टा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. आज एकोणीस दिवस झाले. तुझे बाबा सांगतात की त्यांच्याशी तू रोज बोलतेस, म्हणजे तुझा फोन ठणठणीत आहे, बिघाड माझ्यात आहे. हे पत्र लिहायला मी मुद्दाम दुकानातून रेघांची वही आणली. ऑफिसचा छापील कागद समोर आला की माझा हात आपोआप ‘प्रिय पालक’ लिहून मोकळा होतो, आणि त्या ‘प्रिय पालक’नंच तर सगळा घोटाळा केलाय. पुढच्या मंगळवारी साडेनऊला सोरेनची मीटिंग आहे. तिच्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं. वाचशील की चुलीत घालशील, ते तुझ्यावर.

आधी इकडची हालहवाल. कणसांची कापणी अर्धी झालीय, बाबा दिवसभर कापणीच्या कंबाइन यंत्रावर असतात आणि घरी आल्यावरही कंबाइनचा आवाज चालू असल्यासारखे ओरडून बोलतात. माझ्या पाच गावांचं भांडण नेहमीप्रमाणे जोरात आहे. या वर्षीचा विषय, यसेनियाचा बुधवार. यसेनिया म्हणजे आमची नवी स्पीच थेरपिस्ट. टेक्ससहून आलीय, जेमतेम सव्वीस वर्षांची, ऑक्टोबरातच दोन-दोन कोट घालून हिंडते. पाच गावांच्या शाळांत मिळून ती एकटी, म्हणजे एकेका गावाच्या वाट्याला आठवड्यातला एक दिवस. थोडक्यात काय, ड्राय फोर्कच्या मुलांनी अडखळायचं ते बुधवारीच, आणि तुमच्या एल्सबर्गच्या मुलांनी गुरुवारी. आता एल्सबर्गचा मिल्टन क्राउझ म्हणतो, गुरुवारी आमच्या मुली व्हॉलीबॉल खेळायला परगावी जातात, आम्हाला बुधवार द्या. ड्राय फोर्कचा रॉल्फ म्हणतो, बुधवार आमचा पिढीजात आहे. दोघेही शाळांचे सुपरिंटेंडेंट, दोघांची साठी आलेली, आणि हायस्कुलात एकमेकांविरुद्ध बास्केटबॉल खेळलेले. त्या सामन्यातला शेवटचा बास्केट वेळ संपण्याआधी पडला की नंतर, हा वाद अजून मिटलेला नाही. बुधवारचं तर निमित्त आहे गं.

गेल्या बैठकीत दोन तास हेच चाललं होतं. यजमान गावानं घरी भाजलेला गोड ‘पाय’ खायला ठेवायचा, या एकाच नियमावर आमच्या संस्थेत एकमत आहे, तेव्हा ड्राय फोर्कच्या बायकांनी केलेला रुबार्ब पाय खात खात ते भांडत होते. शेवटी मी म्हटलं, “यसेनियाला उभी कापून दोघांत वाटून देऊ का?” रॉल्फनं एक क्षण खरोखर विचार केला, मी पाहिलं. आणि झोपाळ्याचं तर विचारूच नकोस. तोच तो, जाड कापडाचा, आत बसलं की बिथरलेलं मूल शांत होतं तो. अजूनही पाच गावांत एकच आहे, आणि अजूनही मीच पिकअपमधून तो या शाळेतून त्या शाळेत नेते. लहानपणी तू वर्गात उभी राहून सांगितलं होतंस की माझी आई झोपाळे पोचवते. मला तेव्हा जरा लागलं होतं. एवढं शिकून मी पाच गावांच्या विशेष शिक्षण संस्थेची संचालक झाले आणि मुलीला वाटतंय, आई हमाल आहे. आज, या कामात एकतीस वर्षं काढल्यावर, वाटतं, माझ्या कामाचं याहून खरं वर्णन कुणी केलेलं नाही.

मुद्द्यावर ये आई, असं तू म्हणत असशील. येते.

माझे नियम तुला पाठ आहेत, त्यांच्यावरच तू वाढलीस. त्यातला पहिला: कुठल्याही मुलाच्या अहवालाचा कच्चा मसुदा माझ्याकडे तपासायला येईल तेव्हा त्यावर नाव नको, नंबर हवा. पाच गावांत सगळे सगळ्यांना ओळखतात. नाव दिसलं की अर्धा अहवाल डोक्यात आधीच लिहून होतो, याचा आजोबा तसाच होता, हिची आई दहावीत काय दिवे लावत होती वगैरे. दुसरा नियम: नव्या थेरपिस्टचा प्रत्येक शब्द मी लाल शाईनं तपासणार. तिसरा: मीटिंगआधी अहवाल पालकांच्या हातात पडलाच पाहिजे, माझ्या सहीनं. चौथा: ऑफिसात मुलांबद्दल वायफळ बोलायचं नाही. हे चारही नियम मीच केले आणि त्यांचा मला केवढा अभिमान होता म्हणून सांगू.

तर गेल्या महिन्यात यसेनियानं एक मसुदा आणून दिला, नंबर सव्वीस. फार सुरेख लिहिला होता. मूल हवं ते मागत नाही, पण यसेनियाचं बोट धरून तिला फ्रिजपर्यंत ओढत नेतं. झाकणं आकारानं लावतं, एक जरी हललं तरी ओळखतं. गाण्याची चाल अचूक गुणगुणतं, शब्द एकही नाही. वाचताना मला ते पोर आवडूनच गेलं. मग घरच्या माहितीचा रकाना आला. तिथं आईनं लिहिलं होतं, “मला वर्षभर शंका होती. मुलाच्या आजीनं सांगितलं, थांब, काही होत नाही.” झालं, माझं डोकं फिरलं. समासात लाल शाईनं मी लिहिलं: ‘कोण ही आजी? अशा सल्ल्यापायी मुलाचं सोन्यासारखं वर्ष वाया जातं. हिला कुणीतरी समज द्या.’ शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारल्या. यसेनिया नवी, आज्ञाधारक. तिनं माझी प्रत्येक लाल ओळ सभ्य भाषेत अहवालात उतरवली. सहा शिफारशी तिच्या होत्या, सातवी माझी: ‘घरातील आजींना मुलांच्या भाषाविकासाविषयी प्राथमिक माहिती देण्यात यावी.’ नंबर जाऊन नाव छापलं गेलं, आमच्या ऑफिसातल्या अर्डिसनं एकेचाळीस पत्रांचा गठ्ठा सहीसाठी बैठकीत माझ्यापुढे ठेवला, आणि रॉल्फ बुधवारवर बोलत असताना मी एकेक करून सगळ्यांवर सह्या ठोकल्या. एकाही पत्राकडे पाहिलं नाही.

दोन दिवसांनी जेवायला ओव्हनमध्ये भाजलेला बटाट्याचा हॉटडिश केला होता. बाबा खिशातून फोन काढून म्हणाले, “व्हर्ना, ऐक, कुणीतरी झकास लिहिलंय,” आणि त्यांनी त्यांच्या त्या कंबाइनच्या आवाजात शिफारस क्रमांक सात वाचली. मी म्हटलं, “बरोबरच आहे! मीच घालायला लावली ती. या आज्यांना वाटतं, चार पोरं वाढवली म्हणजे सगळं कळलं. अशी एक आजी शंभर थेरपिस्टांचं काम मातीत घालते.” बाबा म्हणाले, “अस्सं.” मी आणखी पाच मिनिटं बोलले. आजी हा एकूणच कसा अवघड प्रकार आहे, यावर बोलले. बाबांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, शांतपणे खाल्लं, आणि मग फोन माझ्याकडे सरकवून म्हणाले, “वरचं नाव वाच.” वाचलं. सोरेन. खाली आईचं नाव क्रिस्टा. अहवालाचा फोटो तूच त्यांना पाठवला होतास. आणि त्याच्याही खाली माझी सही, वळणदार, शेवटी एक झोकदार रेघ ओढलेली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी अर्डिसला विचारलं, अगं, तू तरी सांगायचंस. ती म्हणाली, “चौथा नियम. मुलांबद्दल बोलायचं नाही. शिवाय मला वाटलं, तुमचीच मुलगी, तुम्हाला माहीत नसेल होय?” यसेनियाला मी नातं सांगितलं नाही, नुसतं सातव्या शिफारशीचं विचारलं, तरी तिला घामच फुटला, एवढ्या थंडीत. ती रडवेली होऊन म्हणाली, “मॅडम, मी सातवी शिफारस काढून टाकते, सुधारित अहवाल पाठवू या.” मी म्हटलं, खबरदार. शिफारस योग्य आहे. राहू दे ती तशीच. मग ती हळूच म्हणाली, “त्याची आई फार छान आहे हो. मला म्हणाली, माझी स्वतःची आई याच क्षेत्रात आहे, पण उपयोग शून्य.” ती तुझं कौतुकच करत होती बिचारी. मी हसले. मग पार्किंगमध्ये जाऊन पिकअपमध्ये बसले आणि झोपाळा मांडीवर घेऊन रडले. तेवढ्यात मिल्टन क्राउझचा फोन आला, बुधवारबद्दल.

एवढं वाचून तुला हसू आलं असेल तर बरंच आहे. हसवणं मला जमतं, त्याच्या आड लपणंही जमतं. बाबा म्हणाले, “तिला सांग की तुझ्या लक्षात आलं नाही, ती समजून घेईल.” गेले एकोणीस दिवस तुला फोनवर तेच सांगायचं, असं मी घोकत होते. चूक झाली, नातवाच्या बाबतीत सगळ्यांचीच नजर आंधळी होते, वगैरे. पालकांसमोर बोलून बोलून असली वाक्यं माझ्या तोंडात बसलीत. तू फोन उचलला असतास तर मी ती म्हणून टाकली असती, आणि तू कदाचित माफही केलं असतंस. उचलला नाहीस हे फार चांगलं केलंस.

कारण ते खरं नाही, क्रिस्टा. ईस्टरला तुम्ही सगळे अंगणात रंगीत अंडी शोधत होतात आणि सोरेन ओसरीवर त्या लाल ढकलगाडीचं चाक फिरवत बसला होता. मी पाठीमागून त्याला हाक मारली. तीनदा. मग खिशातला चमचा मुद्दाम फरशीवर पाडला. चमच्याला त्यानं मान वळवली, नावाला नाही, म्हणजे कान ठीक होते. पुन्हा हाक मारली, पुन्हा चमचा पाडला. परक्याच्या मुलासाठी जे जे करते ते सगळं मी त्या दहा मिनिटांत केलं, आणि मला कळलं. मी आत जाऊन भांडी घासायला लागले. तू मागून आलीस आणि म्हणालीस, “आई, एकदा त्याच्याकडे नीट बघ ना, दुसऱ्यांच्या मुलांकडे बघतेस तसं.” आणि नुकतंच तसंच बघून आलेली मी म्हणाले, थांब गं, तुझा गार्थमामा चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नाही, आणि आता गुरांचा लिलाव पुकारतो, त्याचं तोंड बंद होत नाही. तू हसलीस. तुझ्या चेहऱ्यावर केवढं हलकं वाटलेलं दिसलं. तेवढंच मला हवं होतं, तुझ्यासाठी आणि खरं तर माझ्यासाठी. मी तुला चुकीचा सल्ला दिला नाही. मी तुझ्याशी खोटं बोलले, आणि त्यात सोरेनचे सहा महिने गेले. हे तोंडानं मला सांगता आलं नसतं, म्हणून लिहिलं. मंगळवारची मीटिंग मी चालवणार नाही. शेजारच्या संस्थेचा लोवेल येऊन चालवेल, सोरेनचे कागद यापुढे त्याच्याच सहीनं निघतील. तुला आलेल्या पत्रात एक ओळ आहे की पालकांना आपल्याबरोबर मुलाला ओळखणारी एक व्यक्ती आणता येते. तू सासूबाईंना आणलंस तर मला वाईट वाटणार नाही. वाटेल, पण मी तसं दाखवणार नाही. एकतीस वर्षं मी त्या टेबलाच्या एकाच बाजूला बसलेय, तुमच्या बाजूनं ती खोली कशी दिसते, मला ठाऊक नाही. सव्वानऊपासून मी शाळेबाहेर पिकअपमध्ये असेन. आत जाताना काचेवर टकटक करायची की सरळ पुढे जायचं, ते तू ठरव.

तुझीच,
सोरेनची आजी