दहा अक्षरांचं कुलूप

राजुरा
७ जुलै २००८

चि. रोशन यास,
अ. उ. आ.

इकडे सगळे खुशाल. तुझा फोन महिनाभर लागत नाही, तिकडचा टॉवर पुन्हा आजारी पडला म्हणतात, म्हणून शेवटी आंतर्देशीय पत्र काढलं. छत्तीस वर्षं दुसऱ्यांचं शुद्धलेखन तपासलेल्या बाईचं पत्र आहे. चुका काढत बसू नकोस.

उन्हाळ्यात तू लॅपटॉप दिलास आणि तो अँटेनावाला डबा भिंतीला लावून गेलास. त्या डब्याने घराची शांतता घालवली आहे. लॅपटॉप बंद करून मी त्यावर रुमाल टाकते, तरी डब्याचा हिरवा दिवा लुकलुकत राहतो. रविवारी नागपूरहून आपली दिव्यानी नातवंडाला कॅमेऱ्यासमोर धरते आणि नेमकं तेव्हाच चित्र अडकतं. परवा बाळाने जांभई दिली, ती आम्ही पाच मिनिटं पाहिली.

तुझ्या बाबांचं म्हणणं, की आपल्या लायनीवर कोणीतरी आकडा टाकून राह्यलं. सकाळी चहाचा कप घेऊन ते डब्यासमोर बसतात आणि दिवा केव्हा सुरू झाला, केव्हा थांबला, ते कॅलेंडरच्या मागे लिहितात. कोळसा खाणीच्या स्टोअरमधून निवृत्त झाले, पण पहारा काही सुटला नाही. काय करायचं ते नीट, पायरी-पायरीने कळव.

जेवण वेळेवर करत जा. तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
आई

आश्रमशाळा, ता. भामरागड
१६ जुलै २००८

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वर्गात आलं आणि मुलांसमोरच फोडलं. जांभईचं वाचून मी एकटाच हसत होतो, म्हणून मुलंही हसली.

चूक माझी आहे. गाडी सुटेल या घाईत मी राऊटरला कुलूप न लावताच निघालो. दार उघडं असल्यामुळे आसपास कोणाकडेही लॅपटॉप असला, तर त्याला आपली लाईन मिळते. आकडा टाकायचीही गरज नाही.

आता असं कर. आधी लॅपटॉप निळ्या वायरने राऊटरला जोड. आधी वायर. पुन्हा लिहितो, आधी वायर. इंटरनेटच्या पानावर वरच्या पट्टीत १९२.१६८.१.१ हा आकडा टाक, पण इंग्रजी अंकांत. नाव आणि पासवर्ड मागेल, दोन्हीकडे ‘ॲडमिन’ लिही. मग वायरलेस, त्यात सिक्युरिटी, त्यात डब्ल्यूईपी. तिथे दहा अक्षरांची किल्ली द्यायची. शून्य ते नऊ हे अंक आणि ए ते एफ ही सहा अक्षरं, एवढंच चालतं. सेव्ह कर, वायर काढ. लॅपटॉप किल्ली विचारेल, तीच दहा अक्षरं टाक. ज्याला किल्ली माहीत, त्यालाच लाईन.

पर्लकोटा नदी भरत आली आहे. पुलावर पाणी चढलं की टपाल अडतं, उत्तर उशिरा आलं तर काळजी करू नको. बाबांना नमस्कार. पहारा आता उठवा म्हणावं.

तुझ्या हातच्या वडाभाताची आठवण काढणारा,
रोशन

राजुरा
२७ जुलै २००८

चि. रोशन यास,
अ. उ. आ.

तू तीनदा लिहिलंस, तरी मी वायर जोडली नाही. एकदा सांगितलं असतंस तर ऐकलं असतं. पण काही बिघडलं नाही, कारण गाडी किल्लीपाशीच अडली. मी आपली हौसेने ‘आई’ लिहायला गेले. ए घेतला, दुसरा ए घेतला, आय घेतला नाही. आय एफच्या पुढे पडतो. ‘बाबा’ची चारही अक्षरं मात्र मुकाट्याने घेतली. तुझे बाबा दोन दिवस मिशीत हसत होते. मी रागाने लॅपटॉप मिटला आणि किल्ली तशीच राहिली.

ती राहिली तेच बरं झालं, असं आता वाटतं. मंगळवारी भाजीच्या गाडीवर जाऊबाई भेटल्या, बायनाबाई. पुरुषांचा अबोला, आम्ही दोघी बोलतो हे तुला ठाऊक आहे. त्या सहज म्हणाल्या, का तुमच्या लायनीवर हे रोज लॅपटॉपात दिव्यानीचं बाळ पाहून राह्यले. म्हणजे भिंतीपलीकडे तुझा श्रीहरीकाका आहे. दिव्यानी त्याला गुपचूप फोटो पाठवते. तिच्या लग्नाच्या पत्रिकेत माजरीच्या दूरच्या भावांचीसुद्धा नावं छापली आणि सख्ख्या काकाचंच राहिलं. तुझे बाबा प्रेसवर ढकलून मोकळे झाले, भाऊजी लग्नाला आले नाहीत, आणि चार वर्षं झाली. त्यांनी बाळाला अजून हात लावलेला नाही, फक्त फोटोत पाहतात.

आता मी कुलूप लावलं, तर पत्रिकेतून काढलं तसं लायनीवरूनही काढलं, असंच त्यांना वाटणार. मग हे दोघे भाऊ या जन्मी बोलायचे नाहीत. मला फार भीती वाटते. बाबांना मी अजून काही सांगितलेलं नाही. कुलूप लावू की नको, एवढं लवकर लिही.

आशीर्वादासह,
आई

आश्रमशाळा
६ ऑगस्ट २००८

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पूर ओसरला, तुझं पत्र आज मिळालं. कुलूप लावू नकोस. लाईन हळू चालली तर चालू दे. मी सायकल काकांच्या हाताखाली शिकलो, आणि सुट्टीत घरी येतो तेव्हा त्यांच्या दारावरून मान खाली घालून जातो. मला त्याची लाज वाटते. बाबांना खरं सांगून टाक. रागावले तर माझं नाव घे, मी इतका लांब आहे की राग इथवर पोचायचा नाही.

तुझा,
रोशन

राजुरा
१४ ऑगस्ट २००८

चि. रोशन यास,
अ. उ. आ.

तुझा सल्ला चांगला होता, पण काल पोचला. आठ तारखेला मी बँकेत गेले होते. तेवढ्यात तुझ्या बाबांनी तुझं जुलैचं पत्र समोर ठेवून, आधी वायर जोडून, कुलूप लावून टाकलं. किल्ली मला सांगेनात. मी रडकुंडीला आले आणि पलीकडे श्रीहरीभाऊजी आहेत ते सगळं सांगून टाकलं. तर म्हणतात, मले काय समजत नाई का? तो वावरात गेला की दिवा थांबते, आला की लुकलुकते. पहिल्या आठवड्यातच त्यांनी ओळखलं होतं. मग कुलूप काऊन लावलं, म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, मागाले तरी येईल.

तीन दिवस दिवा थांबला. तुझे बाबा जेवतानाही त्याच्याकडेच पाहत होते. मी पोळी वाढली ती त्यांना दिसली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी फाटक वाजलं. भाऊजी बाहेरच उभे होते. आत पाहायचं टाळून त्यांनी विचारलं, का दादा, लाईन गेली का?

चार वर्षांनी त्या अंगणात ‘दादा’ हा शब्द आला. तुझे बाबा खुर्चीवरून उठून फाटकापर्यंत गेले. मग म्हणाले, का आता मले जे म्हटलं तेच किल्ली म्हणून टाक, इंग्रजीत. डी-ए, डी-ए, असं करत डी-ए पाच वेळा. दहा अक्षरं होतात. भाऊजींना आधी समजलं नाही. समजलं तेव्हा ते फाटकाची कडी हातात धरून नुसते उभे राहिले.

मग तुझ्या बाबांनी जे सांगितलं, ते मलाही माहीत नव्हतं. पत्रिकेचं प्रूफ प्रेसवाल्याने त्यांच्याकडेच दिलं होतं. त्यांनीच वाचून सही केली होती. म्हणाले, लोकायची नावं मी बोट ठेवून वाचली. तुयं नाव तर असणारच म्हणून पाह्यलंच नाई. चूक मायी होती श्रीहरी, प्रेसवाल्याची नव्हती.

भाऊजींनी फाटकाबाहेरच चपला काढल्या आणि आत आले.

या महिन्याच्या शेवटच्या रविवारी दिव्यानी बाळाला घेऊन येते आहे. जमलं तर तूही ये. आम्हा सगळ्यांचा आशीर्वाद,
तुझी आई