सतरा नंबरला न शिकवलेली घडी

३ मार्च

आणि आज परत 'वर्गमित्र'! किती वेळा सांगायचं माणसाने? या कंपनीत मोठ्या साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे एकमेकांचे वर्गमित्र. लुंग वर्गमित्र, हातमोजे घाला. लुंग वर्गमित्र, संडासात सात मिनिटं लावलीत. अरे, आठवीत शाळा सोडली ती वर्गमित्रांना कंटाळूनच ना?

मी इथे शिकवायला आलोय. डोळ्यांवर चष्म्याचं खोकं, हातात दोन दांडे. मी शर्टाची घडी घातली की समोरचा रोबो घालतो. दिवसाला दोनशे शर्ट. मग शिकवणारा कोण? मी. शिकणारा कोण? सतरा नंबर. तेव्हा मला मास्तर म्हणायचं, असं आज सारसला स्वच्छ सुनावलं. (सारस म्हणजे आमचा इंजिनियर, वय सव्वीस. इथे कायम माणसाला टोपणनाव आणि गळ्यात निळी फीत मिळते. कंत्राटी माणसाला नंबर आणि पिवळी.) तो म्हणाला, चालेल की, लुंग वर्गमित्र.

५ मार्च, सकाळी ७.४०

गावाहून बाबांचा फोन. वरचे सगळे दात गेले, खालचे पाच उरलेत. जिल्ह्याच्या डॉक्टरने पूर्ण कवळीचे साडेसहा हजार युआन सांगितलेत. नववर्षापासून चुलीवर टांगलेलं धुरीचं मांस तसंच लटकतंय आणि बाबा त्याच्याकडे बघत बघत पेज पितात. मी म्हणालो, मे संपायच्या आत दात तुमच्या तोंडात. बाबा म्हणाले, दातांचं राहू दे, तू आधी एका जागी टिकून दाखव.

टोमणा होता. दोन वर्षांत ही माझी सहावी नोकरी, म्हणून. पण आधीच्या पाच मी स्वतः सोडल्या. तीन तरी नक्कीच.

योजना: ३० एप्रिलला मोठी चाचणी. तिच्यानंतर आम्हा तिसांतले दोन कायम होणार. त्यातला एक मी. दुसरा कोण, ते कंपनीने बघावं.

८ मार्च

टोपणनाव ठरवलं. गरुड. सारसापेक्षा उंच उडतो.

११ मार्च, जेवणाची सुट्टी

फोनवर एक चष्मेवाला प्राध्यापक ओरडत होता की एआय सगळ्यांच्या नोकऱ्या खाणार. या माणसाने रोबो फोनवरच पाहिलाय. मी रोज नऊ तास पाहतो. आज सतरा नंबरला थोडा वेळ एकट्याला सोडलं. पायमोजा उचलायला चार मिनिटं, आणि उचलला तो स्वतःच्या वायरसकट. हा कुणाची नोकरी खाणार? यात बुद्धी कुठे आहे? यात माझं मनगट आहे. एआय म्हणजे दुसऱ्याचं मनगट आणि त्यावर विजेचं बिल.

हेच त्या व्हिडिओखाली लिहिलं. दोन लाइक आले. एक माझा.

१४ मार्च

शेजारी सोळा नंबरला येनताई. एकोणीस वर्षं हॉटेलात चादरी अंथरल्यात, त्याचा फार गर्व. आज माझा ढीग बघून म्हणाली, लुंग भावा, तुझ्या हाताखालून गेलं की चांगल्या शर्टालाही वाटत असेल, आपण मुळात पायपुसणंच होतो.

चांगलं उत्तर संध्याकाळी सुचलं, तोवर तिची पाळी संपली होती.

१७ मार्च

आज अपडेट आलं. शुक्रवारी जमत होतं ते आज जमत नाही. याला हे लोक प्रगती म्हणतात. पूर्वी नूडलच्या दुकानात शिकत होतो, तिथे मी असं एखादं अपडेट केलं असतं तर मालकांनी, मा मास्तरांनी, झारा फेकून मारला असता.

१८ मार्च

मा मास्तरांवरूनच डोक्यात प्रकाश पडला. तीन वर्षं त्यांच्या हाताखाली होतो. कणीक मळणं, ओढणं, रस्सा, सगळं शिकवलं. पण तिखट तेलात शेवटची चिमूट टाकायची वेळ आली की मला मागच्या दाराने कोळसा आणायला पिटाळायचे. रोज. तेव्हा राग यायचा. आज कळलं, मास्तर एक हात राखून ठेवतो तो यासाठी. सगळं शिकवलं तर चेला उद्या समोरच दुकान टाकेल.

ठराव: शर्टाच्या सात पायऱ्या. सहा शिकवायच्या. सातवी, म्हणजे कॉलर सरळ करून अंगठ्याने दाबणं, सतरा नंबरला शिकवायची नाही. रोज वाकडीच ठेवायची. चाचणीच्या दिवशी यंत्र सहाव्या पायरीवर अडेल, सगळा हॉल माझ्याकडे बघेल, मी पुढे होऊन सातवी घालीन. मग द्या निळी फीत.

येनताईला विश्वासात घेतलं. ती म्हणाली, अरे येड्या, आपण तीसही जण शिकवतो ते सगळं एकाच डोक्यात जातं. तू नाही शिकवलंस तर मी शिकवतेच आहे. सॉफ्टवेअरबद्दल लोकांत किती अज्ञान आहे! सतरा नंबर माझ्यासमोर उभा असतो, तिच्यासमोर नाही.

२० मार्च

१८७ शर्ट, १८७ वाकड्या कॉलरी. स्क्रीनवर माझ्या रांगेत सगळे लाल ठिपके. येनताईच्या रांगेत हिरवे. ती म्हणते लाल म्हणजे वाईट. कुणी सांगितलं? आपल्या चीनमध्ये लग्न लाल, नववर्षाचं पैशाचं पाकीट लाल, शेअर चढला की आकडा लाल. हिरव्याला चांगलं म्हणायचं खूळ सॉफ्टवेअरवाल्यांनी बाहेरून आणलंय.

२६ मार्च

सारस अर्धा तास माझ्या पाठीमागे उभा. घामाने हातमोजे ओले. वाटलं, पकडलं. शेवटी म्हणाला, लुंग वर्गमित्र, तुमचा डेटा फार इंटरेस्टिंग आहे. असंच चालू ठेवा. जरा विविधता आणता आली तर बघा.

शिकलेला माणूस इतक्या सहज फसतो, यावर माझा विश्वास बसत नाही.

१ एप्रिल

पगार झाला. वसतिगृहाची अनामत गेली. उरलेल्यात स्मार्ट घड्याळ घेतलं, हप्त्यावर. कायम माणसाच्या मनगटाला शोभायला हवं. बाबांना पुढच्या महिन्यात एकदमच पाठवीन. थोडे थोडे पाठवले की मोठ्या कामाची शान जाते.

३ एप्रिल

विविधता आणली. कॉलर आत. कॉलर उलटी. एक कॉलर सरळ बाहीत कोंबली, ही माझी खास. दुपारी सारसने माझ्या टेबलावर आणखी एक कॅमेरा लावला. पूर्ण हॉलमध्ये दोन कॅमेरे फक्त मला! येनताईच्या हे जिव्हारी लागलं असणार. म्हणाली, दवाखान्यातही ज्याचं काही खरं नसतं त्यालाच दोन नळ्या लावतात.

९ एप्रिल

सकाळी सगळ्यांना उभं करून भिंतीवरची घोषणा म्हणायला लावली: चुकायला घाबरू नका. म्हटली. चार मिनिटं उशिरा आलो म्हणून अर्ध्या दिवसाचा पगार कापला. यांची घोषणा लिहिणारा वेगळा आणि हजेरी घेणारा वेगळा. सॉफ्टवेअर कंपनी म्हणजे मऊ गाद्या, फुकटची केळी आणि कारखान्याचा भोंगा. फक्त भोंगा फोनमध्ये वाजतो.

१५ एप्रिल

बाबांना फोनवर सांगितलं, झाल्यातच जमा आहे. दोन कॅमेरे म्हणजे काय ते त्यांना कळेना, तेव्हा सोपं करून सांगितलं की कायम झालो.

१९ एप्रिल

आईचा फोन. बाबांनी खालचे पाचही काढून घेतले. डॉक्टर म्हणाला, पूर्ण कवळी बसवायचीच आहे तर हे हलणारे कशाला ठेवता. बाबा म्हणाले, काढा, पोरगा कायम झालाय. हिरड्या भरून आल्या की मे अखेरीला माप घेणार. आई म्हणाली, गावभर सांगत हिंडतात, पण काय सांगतात ते आता कुणाला नीट कळत नाही.

बरं झालं. माणसाने पुलावर चढल्यावर मागे बघू नये. मी तरी बघत नाही.

दुपारी तीन शर्टांच्या कॉलरी चुकून सरळ केल्या. लक्ष नव्हतं.

२९ एप्रिल

केस कापले. पिवळी फीत धुतली, उद्या परत करायची तर स्वच्छ असावी. आरशासमोर नम्र चेहऱ्याचा सराव केला. दहा मिनिटांत जमला.

३० एप्रिल, दुपारी ३.१५

घाईत लिहितोय. चाचणीला दहा शर्ट. सतरा नंबर एकटा, दांडे कुणाच्याच हातात नाहीत. पहिली पायरी, दुसरी, सहा झाल्या. थांबला. मी अंगठा वर करून एक पाऊल पुढे टाकलं.

तो वाकला. कॉलर बघितली. घडी थोडी उलगडली, कॉलर ओढून सरळ केली आणि चिमट्याच्या टोकाने दाबली. दाबली! दुसराही शर्ट तसाच. तिसराही. चौथ्याची कॉलर कुणीतरी मुद्दाम बाहीत कोंबून ठेवली होती. ती त्याने इतक्या हळुवार बाहेर काढली की पाहुण्यांच्या रांगेतली एक बाई 'अगं बाई' म्हणाली.

संध्याकाळी ५.३०

सारसचं भाषण झालं. म्हणाला, बरोबर घड्या आपल्याकडे लाखभर होत्या. यंत्राला बरोबर काय ते कळत होतं, पण आपण चुकलोय हेच कळत नव्हतं. ते शिकवायला हजारो अस्सल चुका लागतात, आणि चांगला कामगार मुद्दाम चुकायला गेला की ते खोटं दिसतं. सतरा नंबरच्या टेबलावरून पाच हजार चुका आल्या, एकीसारखी दुसरी नाही.

मला मंचावर बोलावलं. प्रमाणपत्र दिलं: 'उत्कृष्ट चूक-नमुना योगदान.' सराव केलेला चेहरा उपयोगी आला. सगळ्यात जोरात टाळ्या येनताईच्या.

माझ्याशिवाय झालं नसतं, हे त्यांनी माइकवरून कबूल केलं. मुद्दा तोच होता.

२ मे

यादी लागली. कायम: येनताई आणि चार नंबरचा एक टकल्या. शर्टाचं काम संपलं, बाकीच्यांना निरोप. मला सारसने बाजूला घेतलं. म्हणाला, स्वयंपाकघर विभाग सुरू होतोय, वाडगे घासायचे. बरोबर घासणारे पुष्कळ मिळतात, चुकणारा मिळत नाही. तुमच्यासारखा उपजत हात मी पाहिला नाही. कंत्राट एक महिन्याचं. पगार नाही, चुकीमागे दोन युआन. निसटला, फुटला, खरकटं राहिलं, काहीही चालेल.

पिवळी फीत परत गळ्यात.

एप्रिलचा पगार कापाकापी, वसतिगृह आणि घड्याळात संपला. बाबांना कळवलं, बढतीवर दुसऱ्या विभागात घेतलंय.

५ मे

रात्री झोप नाही, पण निर्णय पक्का. यांना चूक हवी आहे. म्हणजे माझी खरी ठेव तीच. ती फुकटात, दोन युआनला, द्यायची? एकदा फसलो (फसलो असं नाही, पण समजा). आता एक हात राखायचाच तर हा राखायचा.

ठराव: वाडगे लख्ख घासायचे. एकही चूक शिकवायची नाही. बघू यांचं यंत्र वाडगा फुटल्यावर काय करतं!

१२ मे

तीनशे वाडगे. दोनशे ब्याण्णव आरशासारखे. आठ निसटले, ते प्रामाणिकपणे निसटले.

येनताई निळी फीत घालून मुद्दाम बघायला आली. टोपणनाव 'संथ मेघ'. मेघ म्हणे! वाडग्यात तोंड बघितलं आणि म्हणाली, भावा, आयुष्यात पहिल्यांदा नीट काम करतोयस आणि तेही नेमकं इथे? दोन वाडगे आपट की रे. शंभर-सव्वाशे आपटलेस तर बापाच्या तोंडात निदान एका दाताची सोय होईल. मी म्हणालो, ताई, तत्त्व म्हणून काही असतं. ती म्हणाली, असतं ना, पण ते चावता येत नाही.

मग स्वतःच्या डब्यातले दोन मोमो माझ्या झाकणावर ठेवून गेली. खाल्ले. मोमोंचा आणि तत्त्वाचा संबंध नाही.

२१ मे

घड्याळाचा हप्ता चुकला. घड्याळानेच मनगटावर थरथरून ती बातमी दिली. तंत्रज्ञानाचा हा एवढा एक उपयोग मी आजवर पाहिलाय.

२४ मे

बाबा फोनवर आले. बराच वेळ बोलले. आईने सांगितलं, ते विचारतायत की पुढच्या शनिवारी माप घ्यायला जायचं ना, की डॉक्टरला थांबायला सांगू. आणि घाई नाही म्हणतायत, पेज गोड लागते.

मी म्हणालो, जा. माप घेऊन या.

त्यानंतर दोन वाडगे हातात घेऊन उंच धरले. दोन्ही कॅमेरे बघत होते. खाली ठेवले. नीट घासले.

३१ मे, दुपारी १२.१०

हिशेब झाला. सारस फार खूश. म्हणाला, लुंग वर्गमित्र, तुम्ही सहा हजार वाडगे इतके स्वच्छ घासलेत की यंत्र तीन आठवड्यांत घासायला शिकलं. आम्ही सहा महिने धरले होते. मी म्हणालो, मग त्याचे पैसे? तो म्हणाला, तुमच्या कंत्राटात चुकीचेच मोजतात. बरोबरचे आम्ही फक्त ठेवून घेतो.

चुका एकशे चौसष्ट. त्यातून वसतिगृह कापलं. नवीन कंत्राट नाही.

येनताई फाटकापर्यंत सोडायला आली. म्हणाली, तिच्या जुन्या हॉटेलात चादरीला माणूस हवाय, तिचं नाव सांग. मी म्हणालो, विचार करतो. ती म्हणाली, चालत चालत विचार कर, सहाला तिथली भरती बंद होते.

आज साडेबाराला बाबा डॉक्टरकडे तोंड उघडून बसतील. आईला निरोप लिहिला: आजकाल पूर्ण कवळी कुणी एकदम बसवत नाही, शहरात तर नाहीच. आधी मापाचे पैसे भरा, बाकीचं टप्प्याटप्प्याने. पाठवतोय: अठ्ठ्याऐंशी युआन.