तीन टक्के वाचलेलं

नवीन पनवेल
गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५

प्रिय कुमुद,

सप्रेम नमस्कार. माझे गुडघे सोडले तर इकडे सगळं ठीक. मोऱ्याला तुम्हीही सगळे बरे असाल. मनस्वीला नवी नोकरी लागली म्हणालीस, तिला माझा आशीर्वाद सांग.

पत्र बघून तू चक्रावशील. दर दोन दिवसांनी फोनवर तासभर डोकं खाणारी बाई पत्र कशाला लिहिते, म्हणशील. सांगते. पण आधी एका गोष्टीत तुझा सल्ला हवाय.

माझा ई-रीडर तू पाहिला आहेस. मी निवृत्त झाले तेव्हा विश्वजीतने दिला होता, तो काळा, पाटीसारखा. आता त्याच्या पडद्यावर एक उभी रेघ उमटली आहे. पान उलटायला सांगितलं की बराच वेळ विचार करत बसतो. सकाळी केलेलं चार्जिंग संध्याकाळी संपतं. कंपनीची ईमेल आली, जुना परत द्या, नव्यावर सूट देऊ. विश्वजीत म्हणतो, आई, आता ही कंपनीच सोड. दुसऱ्या कंपनीच्या रीडरचा पडदा मोठा आहे, मराठी फाइल नीट उघडते, शिवाय समासात पेनाने लिहिताही येतं. सूनबाई रुचिरा म्हणते, हाताला सवय झालेली वस्तू बदलू नये. मेख अशी की कंपनी बदलली तर मी विकत घेतलेली एकशे चाळीस पुस्तकं नव्या रीडरमध्ये येणार नाहीत. विकत घेतलेली मी, आणि राहणार त्यांच्याच दुकानात! पंधरा दिवस घरात हाच विषय चालला आहे. जेवायला काय करायचं हेसुद्धा कुणी विचारत नाही.

तर तुला काय वाटतं? तीच कंपनी ठेवावी की बदलावी?

हे मी उगाच विचारतेय. तुझ्याकडे ई-रीडर नाही, आणि मला सल्लाही नकोय. शाळेत मी लांबण लावली की तू टेबलावर खडू आपटून म्हणायचीस, "सुमती, मुद्द्यावर ये." येते. जरा चहा ठेवते आणि येते.

चहा झाला. लिहिते.

गेल्या रविवारी विश्वजीत माझा रीडर घेऊन बसला. काय काय नव्यात नेता येईल ते बघत होता. रुचिरा शेजारी मटार सोलत होती. तो म्हणाला, "आई, कंपनी बदललीस तर फक्त तुझ्या स्वतःच्या फाइली नेता येतील. तशी एकच दिसतेय. तीन टक्के वाचलेली. उडवू का?"

रुचिराने मान वाकवून नाव वाचलं. "अय्या, हे तर कुमुदमावशींचं! पण आई, तुम्ही तर हे वाचून रडला होतात ना? दिवाळीत फोनवर सांगत होतात."

विश्वजीतने माझ्याकडे पाहिलं. मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "ते यंत्र बिघडलंय. टक्के चुकीचे दाखवतंय." सहासष्ट वर्षांची बाई, पस्तीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं, आणि मटाराच्या शेंगांपुढे बसून हे बोलले. रुचिरा "हो का" म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. ती सगळं समजली. तेव्हापासून माझ्याशी जरा जास्तच गोड वागतेय, आणि ते मला सोसत नाही.

कुमुद, मी तुझं पुस्तक वाचलं नव्हतं. गणपतीत तू फाइल पाठवलीस, मी तीन टक्के वाचली आणि ठेवून दिली. दिवाळीत तू विचारलंस तेव्हा तोंडाला येईल ते बोलले. "एक अक्षर बदलू नकोस. शाळेचा भाग तर काळजाला भिडला, मी रडले." असं आणि बरंच काही.

अक्षरं फार बारीक दिसत होती, हे खरं आहे. पण ते कारण नाही. खरं कारण लिहिते. मला वाटलं, कुमुद काय लिहिणार? होडी असेल, जाळी असतील, गरिबी असेल, शाळेत वेणी घालून जाणारी कोळ्यांची पोर असेल आणि शेवटी शिक्षणाचे उपकार असतील. तेरा पानं वाचून मी ठरवून टाकलं की पुढचं मला माहीत आहे. बावीस वर्षं एका स्टाफरूममध्ये तुझ्या डब्यातलं खाल्लं, आणि मनात माझ्या हे होतं. लाज वाटते. हा शब्द मी आयुष्यात दुसऱ्यांना उद्देशूनच जास्त वापरला असेल.

सोमवारी सकाळी सगळे कामावर गेल्यावर रीडर आडवा धरून बाल्कनीत बसले. आडवा धरला की अक्षर जरा मोठं दिसतं. हे मला सप्टेंबरातही करता आलं असतं. दर पानाला ते यंत्र थांबायचं, मीही थांबायचे. काल दुपारी शेवटचं पान वाचलं. मंगळवारी अकराच्या सुमाराला तुझं नववं प्रकरण लागलं होतं.

त्यात काय आहे ते तुला सांगायला नको, तूच लिहिलं आहेस. पण मी खरंच वाचलंय हे तुला पटावं म्हणून माझ्या शब्दांत लिहिते. आपण मुलांकडून धड्याचा सारांश लिहून घ्यायचो ना, तसं.

विश्वजीतचं दहावीचं वर्ष. त्याला क्लासला सोडायचं म्हणून मी रोज पावणेपाचला शाळेतून निघत होते. मस्टरवर सही साडेपाचची. माझा शेवटचा तास तू घेत होतीस, दोन्ही वर्ग एकत्र बसवून. दोन वर्गांच्या वह्या, दोन वर्गांची कुलपं, त्यात तुझी पावणेसहाची उरणची एसटी चुकायची. पुढची पकडून मोऱ्याला पोचेपर्यंत आठ वाजायचे. मनस्वी पाच वर्षांची, शेजारच्या गुणाबाईंच्या ओटीवर दप्तर मांडीवर घेऊन बसलेली असायची. एकदा ती तिथेच भिंतीला टेकून झोपली आणि रात्री तिला ताप चढला. दुसऱ्या दिवशी तू मला म्हणालीस, "सुमती, आठवड्यातून दोन दिवस तरी तू थांबशील का?" आणि मी हसून म्हणाले, "अगं, तुमच्याकडे काय, गाव आहे. तिथे पोरं आपली आपण वाढतात."

हे मला आठवत नाही, कुमुद. तीन दिवस आठवतेय, आठवत नाही. पण वाक्य माझंच आहे. ते वाचलं आणि मला माझा आवाजसुद्धा ऐकू आला.

पुढे तू लिहिलं आहेस की त्या शनिवारी तू डाव्या हाताने संस्थेला निनावी पत्र लिहिलंस. मी लवकर जाते, सही मात्र पूर्ण वेळेची करते. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. माझी गव्हाणच्या शाळेत बदली झाली. चार वर्षं दोन-दोन गाड्या बदलून गेले, आणि रोज संध्याकाळी फोनवर तुझ्याकडेच रडले. तू ऐकत राहिलीस.

प्रकरणाच्या शेवटच्या ओळी मी वहीत उतरवून घेतल्या आहेत. "सुमती, हे तुझ्या तोंडावर बोलायची हिंमत मला कधी झाली नाही. वाचून तू म्हणालीस काढ, तर हे प्रकरण काढीन. राहू दे म्हणालीस, तर समजेन की तू माझा अपराध पोटात घातलास."

आणि मी, बाल्कनीत उभं राहून, एका हाताने कंदिलाची वायर सरळ करत, तुला सांगितलं की एक अक्षर बदलू नकोस.

मग तुझं शाळेतलं मराठी गेलं आणि घरातलं आलं. "खरंच रागावली नाय ना तू? नक्की नाय?" मी म्हणाले, "रागवायचं काय त्यात? वेडी आहेस." तू हुंदके देऊन रडलीस. मला वाटलं, कौतुकाने भरून आलं असेल. मी मनातल्या मनात फुशारले, की बघा, चार शब्दांनी माणसाला किती बरं वाटतं!

मग तुझे डबे सुरू झाले. सोडे आले, सुकट आली, तुमच्या घरच्या भावेशच्या हाती बर्फातले बोंबील आले. डिसेंबरात तू स्वतः भरलेलं पापलेट घेऊन आलीस, जेवण झाल्यावर माझे दोन्ही हात धरून बसलीस आणि म्हणालीस, "आता मी मोकळी झाले." मी समजले, पुस्तक लिहून मोकळी झालीस. सोड्याची खिचडी दोनदा केली. ती सगळी माफीची होती, आणि मी न दिलेल्या माफीवर ताव मारत होते.

तेव्हा पहिलं हे, की दिवाळीतला तो होकार मी परत घेतेय. तो तुझ्या पुस्तकाला नव्हता, तुलाही नव्हता. फोन लवकर संपावा म्हणून होता. तुला फसवून मोकळं केलं, हे मला झेपत नाही.

आता खरं काय वाटतंय ते सांगते. राग आला. मंगळवारी दुपारी जेवले नाही, तुझा सुकटीचा डबा फडताळात मागे ढकलला. चार वर्षं माझे फोन कसे ऐकलेस गं? बुधवारी तो डबा परत पुढे आणला. चुकलेल्या एसटीचा हिशोब मी कधी केला नव्हता, आणि तू तो कधी मागितला नाहीस. एकदा मागितलास, तेव्हा मी तुला गाव आहे म्हणून सांगितलं. त्या वाक्याची माफी मी मागते. मनस्वीचीही मागायची आहे. ती त्या ओटीवर बसलेली मला आता दिसते.

तू आणि मी एकमेकींचं पोटात घालू. वेळ लागेल, पण घालू, आपल्याला सवय आहे. पण कुमुद, कमलाकर?

शाळेचा क्लार्क. मस्टरच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे, म्हणून मी ठरवलं की पत्र त्यानेच लिहिलं. अठरा वर्षं मी हे भेटेल त्याला सांगत आले. त्याच्या निरोप समारंभात तो बोलायला उभा राहिला आणि मी उठून बाहेर गेले. माझ्यामागे सहा बायका उठल्या. तो कागद हातात धरून आमच्याकडे बघत राहिला. मला त्या सहाच आठवतात, नावानिशी, त्यांत तू नाहीस. तुझ्या पुस्तकात एकशे एकेचाळिसाव्या पानावर एवढंच आहे, "मीही उठले." त्यापुढे त्याच्याबद्दल एक ओळ नाही. माझ्या माफीसाठी तू अख्खं प्रकरण लिहिलंस, आणि ज्याने काहीच केलं नव्हतं त्याला दोन शब्द. मी तुला बोलतेय असं समजू नकोस. त्याला मी तर दोन शब्दही दिले नाहीत.

तो हल्ली रोडपालीला मुलाकडे असतो. सोसायटीच्या बाकावर बसतो म्हणे, कुणाशी फार बोलत नाही. तुझं पुस्तक वीस तारखेला छापायला जाणार. ते त्याच्या हातात कुणी नेऊन दिलं, आणि त्याला ते त्यातून कळलं, तर आपण दोघी शिक्षिका कसल्या?

येत्या सोळा तारखेला, रविवारी सकाळी मी रोडपालीला जाणार आहे. त्याच्या सुनेशी बोलले, ओळखीची एक जण येतेय एवढंच सांगितलं. तू पनवेल स्टँडवर उतर, दहा वाजता मी तिथे उभी असेन. सव्वादहापर्यंत थांबेन. तू आली नाहीस तरी मी जाईन. पत्र त्याने लिहिलं नव्हतं हे मला आता कळलंय, आणि मी त्याला विनाकारण बदनाम केलं, एवढं सांगेन. कुणी लिहिलं ते त्याने विचारलं तर गप्प बसेन. ते नाव तू घ्यायचंस.

रीडरचं ठरवलं. कंपनी बदलतेय. एकशे चाळीस पुस्तकं जाऊ देत, त्यातली निम्मी मी तीन टक्क्यांवरच सोडली असतील. नव्यात फक्त तुझी फाइल जाईल. अक्षर मोठं करून पुन्हा वाचणार आहे, आणि समासात लिहिता येतं म्हणतात, तर माझं म्हणणं तिथे लिहीन. वाचून, मग.

नववं प्रकरण राहू दे, कुमुद. काढू नकोस. या वेळी वाचून सांगतेय. फक्त सोळा तारखेनंतर त्यात एक पान वाढव.

स्टँडवर तुझी वाट बघणारी,
आणि तुझी एसटी रोज चुकवणारी,
सुमती