डाव्या हाताचा कोयता

आबा,

काल पाटोद्याच्या बाजारात एका बाईंनी माझ्याकडे डावऱ्या हाताची सुरी मागितली. मुलीसाठी हवी होती, भाजी चिरताना सुरी हातात फिरते म्हणाल्या. मी सांगितलं, तसली मला येत नाही. धडधडीत खोटं. या भागात ती कुणाला येत असेल तर मलाच येते, आणि तुम्ही एकदा डावी धार काढलीत ती बघूनच मी शिकले. तेव्हापासून कानाला खडा लावलाय. तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली, भट्टी आता मी चालवते. कोयते करत नाही. गॅरेजवाल्यांकडून झिजलेल्या कानशी आणते, लाल करून राखेत पुरून ठेवते, पोलाद मऊ पडलं की ठोकून सुऱ्या घडवते आणि शेवटी पाणी देते. बायका खुशीनं नेतात. तुम्ही असता तर म्हणाला असता, कानशीची सुरी म्हणजे बायकी काम. असता कशाला, म्हणालाच होता.

लोकांना दुष्काळ आठवला की टँकर आठवतो, गुरांची छावणी आठवते. मला तुमचा खुललेला चेहरा आठवतो. लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं. पाऊस गेला की गावंच्या गावं ऊस तोडायला निघायची आणि निघणाऱ्या प्रत्येकाला कोयता लागायचा. दसऱ्याच्या आधी आपल्या दारात पार उमापूरकडची माणसंसुद्धा नंबर लावून बसलेली असायची. ज्या ट्रकांत ती माणसं जायची त्यांचेच स्प्रिंगचे मोडके पाटे तुम्ही भंगारातून आणायचात. तुम्ही सांडशीत पाटा धरायचात आणि आई घण मारायची. तिचा खांदा कायमचा गेला तेव्हा घण माझ्या हातात आला. मी नववीत होते. लोहाराच्या घरी घण बाईनं मारायचा आणि लोहार म्हणून नाव बाप्याचं व्हायचं, याची कुणाला गंमतसुद्धा वाटायची नाही. त्या वर्षी कोयत्याला पाणी द्यायच्या कुंडीतलं पाणी दोन महिने बदललं नव्हतं, काळंशार झालेलं. आई टँकरच्या रांगेत, आणि आपल्या घरात मात्र सण.

माझ्या बाकावरची ती तुम्हाला आठवत असणार. पुढच्या वर्षी आम्ही दोघी दहावीत. ती डाव्या हातानं लिहायची, म्हणून बाकाच्या डाव्या टोकाला बसायची, नाहीतर आमची कोपरं भांडत. गणितात माझ्या दहा पावलं पुढे. मार्चमध्ये परीक्षा होती. त्या वर्षी तिच्या आईचा पाय मोडला आणि ऊसतोडीच्या मुकादमाला तर जोडीच लागते, दोघं मिळून एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, त्याला कोण विचारतो? तिच्या बापानं ठरवलं, आईच्या जागी पोरगी येईल. तो तिच्यासाठी हलका कोयता सांगायला आला, तेव्हा मी घण हातात धरून उभी होते. तो गेल्यावर मी म्हटलं, "आबा, तिचा नका करू. तिची परीक्षा हाय." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "म्या न्हाई केला तर दुसरा कुनी करंल. तू घण चालव, तोंड नगं चालवू." आणि मी घण चालवला.

चार दिवसांनी तो कोयता परत आला. तुमचा कोयता परत आलेला मी आधी कधी पाहिला नव्हता. तिचा बाप तो ऐरणीवर टाकून म्हणाला, "पोरीचा हातच बसंना. घाव घातला की घसरतंय. लई खराब झालाय कोयता."

"माझा कोयता खराब?"

"मग काय पोरगी खराब हाय? मुकादमासमोर चालवाया लावला. त्यो म्हणतो, ही कामाची न्हाई, ठिवा घरी. आता काय करू, जातो एकलाच." एवढं बोलून तो समोरच्या हॉटेलात चहा प्यायला गेला.

सुंठीवाचून खोकला गेला होता, आबा. ती घरी राहणार होती. तुम्ही तो कोयता नुसता भंगारात टाकला असता तरी पुरे होतं. पण तो चहा पिऊन आला तेव्हा भाता सुरू होता आणि कोयता पुन्हा लाल झाला होता. कोयत्याची धार एकाच अंगाला असते, उजव्या हाताच्या माणसासाठी. तुम्ही ती मोडली आणि दुसऱ्या अंगाला घेतली. बाभळीची मूठसुद्धा दुसरी बसवली. तो बघतच राहिला. "डावा हात आमच्यात चालत न्हाई," तो म्हणाला. "आमी तिला उजव्यानंच जेवाया लावलंय." तुम्ही कोयता कुंडीत बुडवलात, चर्र आवाज झाला, आणि म्हणालात, "उसाला चालतो." दुसरा कुणी करील म्हणालात ना? दुसऱ्या कुणाला ते सुचलंही नसतं. अख्ख्या तालुक्यात तसा कोयता एकच माणूस करू शकत होता आणि त्यानं केला.

परीक्षेला मी बाकावर एकटीच होते. ती ज्याचा ऊस तोडत होती तो साखर कारखाना सहकारी होता, म्हणजे सगळ्यांचा, असं आमच्या पुस्तकात लिहिलेलं. त्या सगळ्यांत तोडणारे धरलेले नव्हते. ती उन्हाळ्यात परत आली तेव्हा तिच्या उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. ऊस धरायचा हात तो. ती भांडायला आली नव्हती, कोयत्याला धार लावून घ्यायला आली होती. तुम्हाला म्हणाली, "काका, तुमच्या धारंचं तिकडं लई नाव हाय." तुम्ही धार लावून दिलीत, पैसे घेतले नाहीत, आणि फिटलं असं तुम्हाला वाटलं. मला तुमच्या तोंडाकडे बघवेना. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, तेही एका अर्ध्या कोयत्याची जोडी पुरी करायला.

तेव्हापासून मी तुमच्याशी कामापुरतं बोलले, हे तुमच्या लक्षात तरी आलं का, कोण जाणे. तुमच्या दहाव्याला कावळा शिवेना. सगळे म्हणाले, लेकीनं काहीतरी कबूल करावं, काही इच्छा राहिली असेल. मी हाताची घडी घालून उभी राहिले. म्हटलं, राहू दे. शेवटी चुलत्यानं काहीतरी बोलून वेळ निभावली.

पण ती डावरी आहे हे तुम्हाला कसं कळलं, ते आपण दोघांनी कधी कुणाला सांगितलं नाही. तिचा बाप चहाला गेला होता. तुम्ही कोयता उलटसुलट करून बघत होतात, बोटानं धार चाचपत होतात, आणि तुम्हाला काही म्हणजे काही उमगत नव्हतं. तुम्ही मला विचारलंही नाही. मीच बोलले. "आबा, कोयता बराबर हाय. तीच डावरी हाय." त्या कोयत्यावर घण मी मारला होता. तो खराब आहे असं कुणी बाजारात सांगत फिरावं, हे मला सोसलं नाही. तुम्ही म्हणालात, "शाब्बास." जन्मात एकदाच म्हणालात आणि मी घण उचलला तो फुशारकीनं. भट्टी शांत होईपर्यंत ती माझ्या मनातसुद्धा आली नाही. त्यानंतर इतकी वर्षं मी वड्याचं तेल वांग्यावर काढत आले.

हे पत्र खरं तर तिला लिहायला हवं. ती आहे, सिरसाळ्याला मुलाकडे असते, तिचा नंबर माझ्याकडे आहे. तिचा हात तुम्ही ओळखलात असंच ती अजून धरून आहे, आणि भेटली की तुमचं नाव आदरानं घेते. तुम्ही काही उत्तर देणार नाही. ती देईल. म्हणून तुम्हाला लिहिलं.